तिरपं ऊन आणि वाळलेला नेचा: मध्य वेल्सच्या हिवाळ्यात जुन्या खुणा कशा शोधायच्या, कशा टिपायच्या

वेल्सच्या डोंगरांतल्या जुन्या वस्त्यांच्या खुणा बघायच्या तर डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. उन्हाळ्यात त्याच उतारांवर ब्रॅकन जातीचा नेचा कमरेपर्यंत, कुठे कुठे छातीपर्यंत वाढतो. घरांची जोती, गडगे, पाण्याचे पाट, मेंढवाडे सगळं त्याखाली बुडून जातं. ऑक्टोबरनंतर हा नेचा तांबूस होऊन जमिनीवर आडवा पडतो. त्याच सुमाराला सूर्यही खाली उतरतो. मध्य वेल्समधल्या रायडर गावी २१ डिसेंबरला भर दुपारी तो क्षितिजापासून अवघा १४ अंश वर असतो. मुंबईत त्या दिवशी तो सुमारे ४७ अंशांवर असतो, हे लक्षात घेतलं तर फरक कळेल. १४ अंशांवरच्या उन्हात मीटरभर उंच भिंतीची सावली चार मीटर पडते. सूर्य ५ अंशांवर आला की वीतभर उंचवट्याची सावलीसुद्धा दोन मीटरच्या पुढे जाते. जमिनीत मुरून गेलेलं चारशे वर्षांपूर्वीचं घर पुन्हा आकार धरतं ते या सावलीमुळे.

म्हणून बर्फ पडला नाही तर खेप वाया गेली असं समजू नका. वेल्समधला बर्फ बेभरवशाचा आहे. तीनशे मीटरच्या खाली तो पुष्कळदा पावसातच विरघळून जातो. इथल्या हिवाळ्याचे खरे रंग म्हणजे वाळलेल्या नेच्याचा गंजासारखा तांबूस, मोलिनिया गवताचा फिकट पेंढ्यासारखा पिवळा आणि दगडावरच्या शेवाळाचा हिरवा. बर्फ आलाच तर एक ते तीन सेंटिमीटरचा पातळ थर सगळ्यांत उपयोगी. दहा सेंटिमीटरच्या पुढे तो खुणा दाखवण्याऐवजी झाकतो.

इथे दोन दिवसांचा एकच मार्ग घेतला आहे: रायडर, एलान खोरं, डोंगररस्त्याने कुमिस्टविथ, पॉन्टारवनाख आणि शेवटी स्ट्रॅटा फ्लोरिडाचा मठ. बर्मिंगहॅम किंवा कार्डिफहून रायडर गाडीने दोन-अडीच तासांवर आहे.

घरी बसून करायची तयारी

निम्मं काम निघण्याआधीच होतं. डोंगरात गेल्यावर "इथे काहीतरी असेल" म्हणून भटकलात तर साडेसात-पावणेआठ तासांचा दिवस हातातून जातो.

पहिली गोष्ट नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हेचा २५,००० ला १ प्रमाणाचा एक्स्प्लोरर २०० हा लँड्रिंडॉड वेल्स आणि एलान खोऱ्याचा नकाशा कागदावरच घ्या. पुढे पॉन्टारवनाखच्या बाजूला २१३ क्रमांकाचा लागतो. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. फिकट पिवळसर छटा असलेली जमीन २००० सालच्या कायद्याने पायी फिरायला मोकळी आहे. बाकी सगळीकडे शेतकऱ्याची परवानगी लागते.

दुसरी गोष्ट कोफ्लाइन. वेल्सच्या रॉयल कमिशनने, म्हणजे १९०८ पासून तिथल्या प्राचीन वास्तूंची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, आपली नोंदवही या नावाने इंटरनेटवर मोफत खुली ठेवली आहे. नकाशावर खोरं उघडा, प्रत्येक ठिपक्यावर टिचकी मारा आणि आठ आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशाच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा, लिहून घ्या.

तिसरी, लायडार. विमानातून लेझर टाकून केलेलं जमिनीच्या उंच-सखलपणाचं हे मोजमाप वेल्स सरकारच्या डेटामॅपवेल्स या संकेतस्थळावर बघायला मिळतं. त्यातली छायाचित्रासारखी दिसणारी 'हिलशेड' प्रत निवडा. चौकोनी जोती, पाटांच्या रेषा, बांध तिच्यात स्पष्ट दिसतात. इथे नवख्याची हमखास फसगत होते ती एकसारख्या समांतर रेषांमुळे. त्या जुन्या नांगरटीच्या वाटतात, पण पुष्कळदा विसाव्या शतकात वनलागवडीसाठी किंवा माळरान सुकवण्यासाठी खणलेल्या चरांच्या असतात. माशाच्या काट्यासारखी नेमकी, सरळ मांडणी दिसली तर ती चरांची समजा. जुनी नांगरट उताराप्रमाणे थोडी वाकते आणि बांधापाशी थांबते.

चौथी, टाइदचे नकाशे. १८४० च्या आसपास चर्चच्या कराकरता बहुतेक सगळ्या परगण्यांतल्या शेताशेताची मोजणी झाली होती. हे नकाशे वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर ठेवले आहेत आणि त्यांच्या सोबतच्या नोंदींत शेतांची नावंही आहेत.

नावांकडे नीट लक्ष द्या, कारण ती जमिनीवरच्या खुणांपेक्षा जास्त टिकली आहेत. 'हेंद्रे' म्हणजे खोऱ्यातलं मूळ, हिवाळ्यात राहायचं घर. 'हावोद' म्हणजे उन्हाळ्यात गुरं घेऊन वर गेल्यावर राहायचं डोंगरातलं घर. १ मेला, कालान माईला, वर जायचं आणि १ नोव्हेंबरला, कालान गायाव म्हणजे हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी, खाली परतायचं, असं वर्षाचं चक्र होतं. या भागात 'ल्लुएस्ट' हा शब्दही वारंवार भेटतो. तो डोंगरातल्या गुराख्यांच्या तात्पुरत्या वस्तीचा. 'कोरलान' म्हणजे मेंढवाडा, 'बेइदी' गुरांचा गोठा, 'मावनोग' पीट काढायची दलदल, 'फ्रीद' म्हणजे शेत आणि उघडा डोंगर यांच्यामधला पट्टा. यातला 'फ्रीद' सगळ्यांत फलदायी, कारण सोडून दिलेली घरं बहुतेक तिथेच सापडतात.

उच्चारांचं गणित सोपं आहे. वेल्श लिपीत एकेरी एफ म्हणजे 'व', दुहेरी एफ म्हणजे 'फ'. डब्ल्यू स्वर म्हणून आला की 'उ'. दुहेरी एलसाठी जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि आवाज न काढता कडेने हवा सोडायची. गावात रस्ता विचारताना एवढं जमलं तरी बोलणं मोकळं होतं.

शेवटचं काम ऊन मोजायचं. नकाशावर तुमच्या जागेच्या दक्षिणेला काय आहे ते बघा. एक किलोमीटरच्या आत डोंगर २५० मीटर चढत असेल तर त्याच्या पायथ्याला डिसेंबरमध्ये दिवसभर ऊन मिळणार नाही, कारण तो कोन नेमका १४ अंशांचा होतो. प्रत्यक्ष जागेवर हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून दीड मुठीच्या वर डोंगर असेल तर तिथे थांबू नका. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य २४-२५ अंशांवर येतो, तेव्हा अशा बऱ्याच जागा उघडतात.

कोणता दिवस निवडायचा

एलान खोऱ्यात वर्षाला सुमारे १८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग हिवाळ्यात. तेव्हा शनिवार-रविवार आधी ठरवून मग हवामान बघण्यापेक्षा हवामान बघून दिवस ठरवा. हवेचा दाब वाढलेला, वारा मंद, रात्र निरभ्र, असा अंदाज असेल तर पहाटे खोऱ्यात धुकं साचतं आणि वर स्वच्छ ऊन असतं. अशा दिवशी साडेतीनशे मीटरच्या वर सूर्योदयाआधी पोचा. जोराच्या पावसानंतर लगेच उघडीप असेल तर धरणं आधी गाठा; सांडव्यावरून पाणी पडण्याची शक्यता तेव्हाच जास्त.

गोठलेल्या दंवाची सकाळ बर्फाइतकीच कामाची. ऊन पडल्यावर उघड्या जमिनीवरचं दंव तासाभरात जातं, पण बांधाच्या उत्तरेकडच्या सावलीत ते दुपारपर्यंत टिकतं. तपकिरी डोंगरावर एक बारीक पांढरी रेघ उरते आणि ती रेघ म्हणजेच जुना बांध. वाऱ्याने उडालेल्या बर्फाचंही तसंच: बाकी डोंगर मोकळा झाला तरी पाटाच्या खाचेत बर्फ राहतो आणि पाट दोन मैलांवरून दिसतो.

२१ डिसेंबरच्या आसपास रायडरला सूर्य साधारण ८:२० ला आग्नेयेला उगवतो आणि ४:०५ ला नैर्ऋत्येला मावळतो. दुपारी तीनला गाडीकडे परतीची वाट धरायची हा नियम मोडू नका. सूर्य डोंगराआड गेला की ओल्या वाटेवर अर्ध्या तासात बर्फाचा काचेसारखा थर धरतो.

गाडी आणि सामान

हमरस्त्यांवर मीठ-वाळू टाकतात, डोंगररस्त्यांवर टाकतीलच असं नाही. रायडर ते कुमिस्टविथ हा रस्ता बऱ्याच उंचीवरून जातो. सकाळी गाडीतलं तापमान ३ अंशांच्या खाली दाखवत असेल तर ए४७० ने ल्लंगुरिग, तिथून ए४४ ने पॉन्टअरविद आणि मग खाली पॉन्टारवनाख, असा वळसा घ्या. वेळ जास्त लागतो, पण तुम्ही पोचता. एकच गाडी मावेल अशा रस्त्यावर समोरून गाडी आली तर पासिंग प्लेसमध्ये, म्हणजे वाट देण्यासाठी रुंद केलेल्या जागेत, थांबा. फोटोसाठी तिथे गाडी लावून ठेवू नका. गुरांना अडवण्यासाठी रस्त्यात बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या जाळीवर ब्रेक मारू नका, ती गोठली की टायर धरत नाही. १७ सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये बहुतेक वस्तीतल्या रस्त्यांची वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. पाट्यांवर 'अराव' म्हणजे हळू, 'र्‍हेव' म्हणजे गोठलेला रस्ता, 'आर गाय' म्हणजे बंद.

अंगावर सुती काहीही नको. ओलं झालं की ते वाळत नाही. जाड तळाचे जलरोधक बूट, घोट्याच्या वर येणारे गेटर, बुटांवर चढवायचे छोटे खिळेपट्टे, डोक्यावरचा दिवा आणि त्याचे जादा सेल, शिट्टी, थर्मासमध्ये गरम काहीतरी. खोऱ्यात फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते. घरून निघण्याआधी ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला 'रजिस्टर' असा संदेश इंग्रजीत पाठवून नोंदणी करून ठेवा. बोलण्याइतकी रेंज नसताना कधी कधी संदेश जातो. मदत मागताना आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू असं सांगायचं. शिट्टीचा संकेत: मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा.

पहिला दिवस: एलान

बर्मिंगहॅममध्ये राहणाऱ्या मराठी घरांना या खोऱ्याशी ओळख करून द्यायची गरजच नाही. ती रोज याच खोऱ्याचं पाणी पितात. १८९३ ला काम सुरू होऊन २१ जुलै १९०४ रोजी राजा सातवा एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या हस्ते धरणांचं उद्घाटन झालं. फोएल मनोऱ्यापाशी पाणी नळात शिरतं आणि ११८ किलोमीटर नुसत्या उतारावर वाहत, पंपाशिवाय, सुमारे दीड दिवसात बर्मिंगहॅमला पोचतं. एवढ्या अंतरात उतार मिळतो तो जेमतेम ५२ मीटर. या धरणांसाठी शंभरेक माणसांना उठावं लागलं; तीन मोठे वाडे, अठरा शेतघरं, शाळा आणि चर्च गेलं. भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना, कुळांना नाही. धरणाचा फोटो काढताना हे ठाऊक असावं, म्हणजे पाण्याच्या काठावर मध्येच संपणारा गडगा दिसला की तो कुठे जात होता हे कळतं.

सकाळी एकेक धरण बघत खालून वर जा: काबान कोख, मग गारेग दी, पेनअगारेग, आणि सगळ्यांत वर क्रेग गोख. काबान कोखची भिंत ३७ मीटर उंच आहे. पाणी सांडत असेल तर समोर उभं राहून फोटो काढण्यात तुषारांनी भिंग भिजवण्यापलीकडे काही हाती लागत नाही. वारा जिकडून येतो त्या बाजूला, थोडं तिरकं उभं राहा. शटर १/६० सेकंद ठेवलं तर दगडी बांधणीवर आपटणारे पाण्याचे धागे दिसतात, १/४ ला तो पडदा होतो. दगड दिसायला हवा असेल, आणि तो हवाच, तर १/३० ते १/६० च्या मध्ये राहा. गारेग दीचं मूळ धरण पाण्याखाली आहे, वर दिसतो तो त्यावरचा कमानीचा पूल. त्याच्या एका टोकाला नांटग्विल्ट चर्च आहे, बुडालेल्या चर्चच्या बदल्यात बांधलेलं. बुडालेल्या नांटग्विल्ट वाड्याच्या बागेच्या भिंती बघायला म्हणून हिवाळ्यात येऊ नका. त्या वर येतात त्या दुष्काळी उन्हाळ्यात, तलाव आटल्यावर.

रस्ता निसरडा असेल तर गाडी खाली ठेवून एलान व्हॅली ट्रेलने चाला. धरणांसाठी बर्मिंगहॅमने टाकलेल्या रेल्वेच्या मार्गावर ही वाट आहे, त्यामुळे चढ अगदी सौम्य.

दुपारी दोनला रायडरजवळच्या गिग्रिन फार्मवर लाल घारींना मांस टाकतात. घड्याळ उन्हाळ्याचं असताना ही वेळ तीनची. आधी दिवस आणि वेळ तपासून जागा राखून ठेवा. आपल्याकडच्या घारीपेक्षा ही अंगाने तांबूस आणि शेपटीत खोल खाच असलेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सगळ्या ब्रिटनमध्ये हिच्या मोजक्या जोड्या उरल्या होत्या आणि त्या याच मध्य वेल्सच्या खोऱ्यांत. इथल्या शेतकऱ्यांनी आणि पक्षिप्रेमींनी घरटी राखली म्हणून ती आज इथे शेकड्यांनी उतरते. ३०० ते ४०० मिलिमीटरचं भिंग, १/२००० सेकंद, हिवाळी उजेडात आयएसओ १६०० ते ३२००. ढगाळ पांढऱ्या आभाळासमोर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा, नाहीतर घार नुसती काळी आकृती येते. मागे डोंगर असेल तेव्हा ही वाढ पुन्हा शून्यावर आणायला विसरतात आणि पंखांचा पांढरा भाग जळून जातो.

रात्र निरभ्र आणि चंद्राशिवाय असेल तर क्रेग गोखपाशी परत जा. एलानची इस्टेट २०१५ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क आहे. २० मिलिमीटरचं भिंग, एफ २.८, २० सेकंद, आयएसओ ३२००. बॅटरी शरीराजवळच्या खिशात ठेवा. शून्याच्या खाली तिची ताकद झपाट्याने उतरते आणि उबेला आणली की थोडी परत येते.

दुसरा दिवस: डोंगररस्ता आणि कुमिस्टविथ

उजाडण्याआधी निघा. क्रेग गोख मागे पडल्यावर रस्ता उघड्या माळावरून जातो. इथे ओढ्यांच्या काठची जोती शोधायची. हावोदच्या घरांचा आकार ठरलेला: सहा ते दहा मीटर लांब, चार-पाच मीटर रुंद, बहुतेक वेळा लांबी उताराच्या दिशेने. वरचं टोक डोंगरात खणलेलं आणि खालचं टोक भर घालून उचललेलं, म्हणजे पाणी घरात शिरत नाही. दगड बऱ्याचदा पुढच्या पिढ्यांनी मेंढवाड्यासाठी उचलून नेलेले असतात, म्हणून भिंत न शोधता सपाटी शोधा.

रंग हा दुसरा पुरावा. शतकभर गुरं बांधली त्या जागेची माती कसदार झालेली असते. पिवळ्या मोलिनियात तिथे आखूड, हिरव्या गवताचा तुकडा राहतो. पण इथेच लोक फसतात आणि गुडघ्यापर्यंत रुततात, कारण दलदलीतलं स्फॅग्नम शेवाळही हिरवंच दिसतं. वस्तीचा हिरवा गडद असतो, उतारावर असतो, मेंढ्यांनी कातरल्यासारखा कुरतडलेला असतो आणि तिथे लेंड्या पडलेल्या असतात. दलदलीचा हिरवा पिवळसर, अगदी सपाट, आजूबाजूला लव्हाळे, आणि मेंढी तिथे पाय ठेवत नाही. मेंढीवर विश्वास ठेवा. याच माळावरून मठांना जोडणारी मंक्स ट्रॉड ही मध्ययुगीन वाट जाते. हिवाळ्यात ती फार चिखलाची असते, एकट्याने धरू नका.

फोटो जोत्यावर उभं राहून काढू नका. समोरच्या उतारावर ३०० ते ८०० मीटर लांब जा आणि ७०-२०० चं भिंग लावा. खुणेचा आकार तिथूनच कळतो.

ऊन कुठल्या बाजूने हवं हे उतार ठरवतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या तीव्र उतारावर दुपारचं ऊन समोरून आदळतं आणि सगळं सपाट करतं. तिथे सकाळी किंवा दोननंतर, ऊन उताराला आडवं घासत जाईल तेव्हा जा. उलट उत्तरेकडे तोंड असलेला पाच-सात अंशांचा सौम्य उतार दुपारी बारालाच उत्तम, कारण १४ अंशांचं ऊन त्याला जेमतेम सात-नऊ अंशांनी चाटून जातं. हा एक हिशोब समजला तर दिवसाचं वेळापत्रक आपोआप लागतं.

त्या हिशोबाने कुमिस्टविथला साडेनऊ-दहापर्यंत पोचायला हवं. खोऱ्याच्या उत्तरेला कोपा टेकडी आहे आणि तिच्या दक्षिण उतारावर सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची तांब्याची खाण. दगडी हातोड्यांनी आणि आगीने दगड फोडून ती खणली होती. पाणी बाहेर काढायची लाकडी पन्हळसुद्धा उत्खननात मिळाली. खाली बांक टिंडोल इथे २००२ मध्ये सोन्याची पातळ चकती सापडली, ती आता वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढच्या शतकांत इथे शिसं काढलं गेलं आणि विसाव्या शतकात खाण बंद पडली.

सकाळच्या आडव्या उन्हात उतारावर आडव्या रेषा दिसतील. नकाशावरच्या समोच्च रेषेशी ताडून बघा: रेषा जवळजवळ समपातळीत, किंचित एका बाजूला उतरत जात असेल तर तो पाट. मेंढ्यांच्या वाटा वरखाली होतात, फुटतात, पुन्हा मिळतात. पाट तसं करत नाही. पाटाच्या टोकाला मातीचा बंधारा आणि त्याखाली डोंगर उभा चिरल्यासारखी घळ दिसली तर ती 'हशिंग'ची जागा: वर पाणी साठवायचं, एकदम सोडायचं, माती वाहून गेली की खालची धातुशीर उघडी पडते.

इथले करडे, बोडके ढिगारे बोडके आहेत कारण शिशाने माती विषारी झाली आहे. त्यांवर बसून खाऊ नका, ओढ्याचं पाणी पिऊ नका, मुलांचे हात धुवा. ढिगाऱ्यांवर आणि पडक्या भिंतींजवळ चढू नका. जुन्या विहिरीसारख्या खड्ड्यांची तोंडं कुजलेल्या लाकडाने झाकलेली असू शकतात आणि बर्फात ती दिसत नाहीत. जागा कायद्याने संरक्षित आहे: धातुशोधक यंत्र नको, आठवण म्हणून दगडही नको.

दुपारी पॉन्टारवनाख. एकावर एक बांधलेले तीन पूल आहेत: तळाला मध्ययुगीन, त्यावर १७५३ चा, त्यावर १९०१ चा लोखंडी. घळीत हिवाळ्यात ऊन पोचत नाही, त्यामुळे भर दुपारची वेळ इथेच खर्च करावी. पायऱ्या फार निसरड्या असतात.

मग स्ट्रॅटा फ्लोरिडा, अर्धा तास दक्षिणेला. सिस्टर्शियन साधूंचा हा मठ ११६४ मध्ये स्थापन झाला आणि १५३९ मध्ये बंद झाला. आज उभा आहे तो मुख्यतः पश्चिमेचा कमानदार दरवाजा. त्याचं तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी तो सावलीत असतो. दीड ते तीनच्या दरम्यान नैर्ऋत्येचं ऊन कमानीच्या एकात एक गुंफलेल्या वळ्यांवरून तिरकं जातं आणि प्रत्येक वळी सुटी दिसते. तीननंतर ऊन अगदी पिवळं होतं आणि खोली कमी होते. चर्चच्या आवारातल्या यू वृक्षाखाली चौदाव्या शतकातला कवी दाविद आप ग्विलिम याला पुरलं असं परंपरा सांगते.

कॅमेऱ्याचे चार नियम

दृश्याचा बहुतेक भाग बर्फ असेल तर एक्स्पोजर +१ ते +१.७ करा, कारण मीटर पांढऱ्याला करडं समजतो. बर्फ ठिगळांनी असेल तर वाढवू नका. हिस्टोग्रामचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, उजवा काठ चौकटीच्या भिंतीला टेकता कामा नये. व्हाइट बॅलन्स ५५०० च्या आसपास पक्का करून ठेवा. बर्फातल्या सावल्या निळ्याच असतात, त्या 'सुधारू' गेलात तर ऊन मळकट दिसतं. रुंद भिंगावर पोलरायझर लावलात तर आभाळ मध्येच गडद आणि कडेला फिकट येतं. गरम खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच पिशवीत घालून हवाबंद करा आणि दोन तास उघडू नका, नाहीतर भिंगाच्या आत बाष्प धरतं.

मेंढ्या, फाटकं, माणसं

हिवाळ्यात इथल्या मेंढ्या गाभण असतात. घाबरून पळाल्या तर गर्भ पडू शकतो. कुत्रा आखूड दोरीवर हवा, आणि ड्रोन कळपावरून कधीच नाही. कुंपण नसलेल्या डोंगरावरही प्रत्येक कळपाचा मुलूख ठरलेला असतो आणि आईकडून कोकराकडे जातो. वेल्शमध्ये त्याला 'कनेविन' म्हणतात. तुम्ही हाकललेली मेंढी परत तिथेच येणार, तेव्हा तुम्हीच लांबून वळसा घाला. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं: उघडं तर उघडं, बंद तर बंद. गडग्यावर चढू नका; चुन्याशिवाय रचलेला एक दगड हलला की मागचे पाच सैल होतात.

या काळात माणसांचा वारसाही बघायला मिळतो. मॉन्टगमरीशरमधल्या चर्चांत डिसेंबर-जानेवारीत 'प्लगाइन' असतं: वाद्यांशिवाय, कोणी नाव न पुकारता, एकेक कुटुंब किंवा गट पुढे येऊन जुनी नाताळगीतं गातो. तिथे टाळ्या वाजवत नाहीत. कॅमेरा गाडीतच ठेवा. पेम्ब्रोकशरच्या कुम ग्वाउन खोऱ्यात १७५२ मध्ये बदललेलं पंचांग बाजूला ठेवून १३ जानेवारीला 'हेन गालान', जुनं नववर्ष, पाळतात आणि मुलं घरोघर गाऊन 'कालेनिग' मिळवतात. दक्षिणेला घोड्याची कवटी पांढऱ्या वस्त्रात नाचवणारी 'मारी लुइद' दाराशी येते आणि आतले-बाहेरचे कवितेत भांडतात. मुलांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

नोंद ठेवणं

प्रत्येक खुणेसाठी जागेवरच चार गोष्टी लिहा: ग्रिड संदर्भ, तुम्ही कोणत्या दिशेला बघत होता, वेळ, आणि जमिनीवर दंव, बर्फ की काहीच नाही. घरी आल्यावर कोफ्लाइनवर आणि प्रादेशिक नोंदींच्या आर्खविलियो या संकेतस्थळावर ताडून बघा. दोन्हींत नसलेलं जोतं किंवा बांध सापडला असेल तर हेनेब या वेल्सच्या पुरातत्त्व न्यासाला कळवा. चार प्रादेशिक न्यास एकत्र येऊन तो २०२४ मध्ये उभा राहिला. पाठवताना कापलेली, रंग चढवलेली प्रत नको. मूळ फोटो, मापासाठी चौकटीत ठेवलेली चालायची काठी आणि या चार नोंदी एवढं पुरतं.